खोडलेली शेजारीण

काम तसं किरकोळच होतं. तपासून झालेली प्रुफं पिशवीत भरायची, तीन जिने उतरायचे आणि तळमजल्यावर छपाईवाल्याच्या हातात ठेवून घरी जायचं. दुपारचे चार वाजले होते. जिन्यात शाईचा, ओल्या कागदाचा आणि कुणीतरी सांडलेल्या चहाचा वास होता. ती भराभर उतरत होती. हळू उतरलं की मागून कुणी येतंय असं तिला उगीचच वाटायचं. दुसऱ्या जिन्याची पाचवी पायरी तिनं रोज मोजून ओलांडलेली, पण त्या दिवशी ती पायाखाली आलीच नाही.

पुढचं सांगण्याआधी त्या प्रुफांबद्दल सांगायला हवं. सगळं तिथंच अडकलंय.

कादंबरी होती एका भावाबहिणीची. पुस्तकात त्यांना थोरला आणि धाकटी एवढंच म्हटलेलं. आईबाप नाहीत, सांभाळ मामाकडे. एका शनिवारी दुपारी मामा त्यांना जिन्याखालच्या खोलीत कोंडतो आणि गावाला निघून जातो तो मंगळवारीच परततो. ‘त्यानंतर ती दोघं कधीच रडली नाहीत,’ असं वाक्य होतं. शेवटच्या प्रकरणात हीच दोघं एका वसतिगृहाची सगळी दारं बाहेरून बंद करून आग लावतात आणि समोरच्या फुटपाथवर बसून शांतपणे बघत राहतात.

प्रुफं तपासायची तिच्या कार्यालयातली पद्धत जुनी. तिथले आजोबा, सगळ्यात जुने कर्मचारी, हस्तलिखित मोठ्यानं वाचायचे आणि ती छापील पानावर बोट फिरवायची. आजोबा विरामचिन्हंसुद्धा वाचायचे, एकाच सपाट सुरात. “मामानं कुलूप लावलं स्वल्पविराम किल्ली खिशात टाकली पूर्णविराम.” दिवसभर तेच ऐकून घरी आल्यावरही तिच्या कानात पूर्णविराम वाजत राहायचे.

अडचण झाली ती दीड पानाची. पुस्तक छापायचं सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत, आणि मजकूर दीड पानानं जास्त भरला. मॅनेजर तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“ताई, दीड पानापायी नवा फर्मा लावू का आता? काहीतरी कमी करा.”

“लेखकाला विचारायला नको?”

“लेखक वारलेत. त्यांना विचारायला तुम्ही जाता का?” मॅनेजर आपल्याच विनोदावर हसले. “ही शेजारीण कोण आहे मधेच? पुढे येते का कुठे?”

“नाही येत.”

“मग उडवा तिला.”

आजोबा तेव्हा चहाला गेले होते. तिनं एकटीनंच वाचायला घेतलं. शनिवारी दुपारी शेजारच्या काकूला मुलांचे आवाज ऐकू येतात, ती हातोडी घेऊन येते... तिथवर वाचलं आणि घड्याळाकडे पाहिलं. उरलेलं पान न वाचताच तिनं लाल शाईनं एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. मुद्रितशोधकानं कधी करू नये ते हेच. खोडायचं तेही पूर्ण वाचून खोडायचं.

तर, पाचवी पायरी पायाखाली आली नाही, आणि डोळे उघडले तेव्हा ती एका स्वयंपाकघरात उभी होती. हातात ओला कप, समोर खिडकी. खिडकीपलीकडे शेजारच्या घराचं अंगण आणि अंगणात दोन मुलं.

“काकू, चेंडू तुझ्या दारात आलाय. दे ना!” मुलगा ओरडला.

त्याच्या डाव्या भुवईत खाच होती. मुलीचे पुढचे दोन दात पडलेले. ही खाच आणि हे दात तिनं प्रुफात दोनदा तपासले होते. कप हातातून निसटला, फुटला, आणि त्याच्या आवाजानं ती स्वतःच किंचाळली.

आपण कोण झालोय हे कळायला मात्र दोन दिवस गेले. पाववाला तिच्या दारावरून न बघता पुढे गेला. मामा फाटकात भेटला तेव्हा ती धीर करून म्हणाली, “अहो, जरा ऐका...” तर त्यानं चेहऱ्यावर कोळ्याचं जाळं आल्यासारखा हात फिरवला आणि निघून गेला. चौकातला पोलीसही तसाच. मोठ्या माणसांना ती दिसतच नव्हती. दिसायची फक्त त्या दोघांना. खोडलेल्या माणसाला कोण कशाला विचारील! शेजारीण ती होती. आपल्याच हातानं उडवलेली.

आणि तिसऱ्या दिवशी तो आवाज सुरू झाला.

ती भांडी घासत होती. नळाच्या धारेआडून, भिंतीतून म्हणा किंवा भिंतीपलीकडून, कुणीतरी सपाट सुरात वाचत होतं. “मुलं अंगणात खेळत होती पूर्णविराम चेंडू आपोआप परत आला पूर्णविराम.” चेंडू तिनं फेकला होता. आजोबांचा तो आवाज तिनं वर्षभर रोज ऐकला होता. ती भिंतीला कान लावून कुजबुजली, “आजोबा... मी इथं आहे...” वाचन क्षणभर थांबलं. पान उलटल्याचा आवाज आला. मग पुन्हा सुरू झालं, तिच्याशिवाय.

मुलांना मात्र तिचा लळा लागला. ती त्यांची बटणं शिवायची, अभ्यास घ्यायची, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. ह्यांच्या हातून आग लागणार? धाकटी तर काडेपेटीला घाबरायची.

“काकू, तू एवढी दचकतेस का गं? काल झाकण पडलं तर केवढी ओरडलीस!”

“मी मुळातच भित्री आहे.”

“भित्री नाही, महाभित्री,” थोरला म्हणाला. “पण काळजी करू नकोस. आम्ही आहोत ना तुला सांभाळायला.”

ती हसली, आणि हसता हसता तिला गलबलून आलं. शनिवार चुकवायचा एवढं एकच तिच्या हातात होतं. शनिवार चुकला तर ते वसतिगृह जळणार नव्हतं, आणि ही दोघं माणसात राहणार होती.

शुक्रवारी ती त्यांना घेऊन पळाली. दोन्ही हातांत दोन हात घट्ट धरून कोपऱ्यापर्यंत गेली. कोपरा ओलांडला आणि हात रिकामे झाले. मागं वळून पाहिलं तर दोघं आपल्या पायरीवर बसलेली, जशी कधी उठलीच नव्हती. भिंतीतून आवाज आला, “शुक्रवारी विशेष काही घडलं नाही पूर्णविराम.”

शनिवारी दुपारी एक वाजता मामाच्या घरातून कुलपाचा खटका ऐकू आला. मग पुढच्या दाराचा. मग फाटकाचा. ऊन रणरणत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ती हातोडी घेऊन तयारच होती, पण पुढचं दार निघेना. मागची खिडकी फोडून आत शिरेपर्यंत तास गेला. तळहाताला काच लागून रक्त आलं, तेही तिला आत गेल्यावर दिसलं.

घरात अंधार होता. सगळे पडदे ओढलेले. जिन्याखाली हवेत ओल्या गोणपाटाचा आणि उंदरांचा वास. ती दाराशी वाकली.

“बाळांनो... मी आलेय.”

आतून काहीच आवाज नाही. भिंतीतला आवाज मात्र चालूच होता. “आत काळोख होता स्वल्पविराम मुलांनी हाका मारल्या स्वल्पविराम कुणीही आलं नाही—”

तिनं कुलपावर घाव घातला. एक. दोन. पाचव्या घावाला कोयंडा निघाला, आणि त्याच क्षणी वाचन थांबलं. इतके दिवस नकोसा झालेला तो आवाज थांबला तेव्हा तिनं मान वळवून भिंतीकडे पाहिलं.

दार उघडलं. दोघं हात धरून बाहेर आली. कपडे स्वच्छ होते, केसही जागच्या जागी. तिनं दोघांना कवटाळलं. जिवात जीव आला.

“रडलात का रे फार?”

“नाही,” थोरला म्हणाला. “कशाला रडायचं?”

तिचे हात सैल झाले. पुस्तकात ती रडायची थांबली होती ती मंगळवारनंतर. आता तर शनिवारचे दोनच वाजले होते... तासाभरात कुणी एवढं बदलतं का? ती त्यांचे चेहरे न्याहाळत राहिली. भुवईतली खाच तीच. दातांतली फटही तीच. दोघंही तिच्याकडे बघत होती, अगदी शहाण्यासारखी, जराही न हलता.

“काकू,” धाकटी म्हणाली, “माझी चप्पल आत राहिली.”

“राहू दे. नवी घेऊ.”

“नको. तीच पाहिजे. तू आण ना. आत अंधार आहे.”

थोरल्यानं दार तिच्यासाठी आणखी उघडून धरलं.

न वाचलेलं ते पान तिच्या डोळ्यांपुढे आलं. लाल रेघेखालची बारीक अक्षरं, जी तिनं पाहिलीच नव्हती. काकू हातोडी घेऊन येते, आणि मग? परत फिरावं, दोघांना तिथंच सोडून पळत सुटावं, असं पायच म्हणत होते. पण पळाली असती तर? उभ्या जन्मात ह्या पोरांसाठी धावून आलेलं एकच माणूस त्यांच्याकडे बघून पळालं असतं. मग शनिवार चुकवून काय उपयोग? मामानं केलं तेच तिनंही केलं असतं.

“तुम्ही इथंच थांबा हं,” ती म्हणाली. “दार लावू नका, बाळांनो.”

“नाही लावणार,” धाकटी म्हणाली. “आम्ही कशाला लावू?”

ती वाकून आत गेली. छत इतकं खाली होतं की गुडघ्यांवर बसावं लागलं. उजेड दोन हातांपर्यंत पोचत होता, पुढे नुसता काळोख. ती चाचपडू लागली. गोणपाट... पत्र्याचा डबा... भिंत. मागं दार उघडंच होतं. त्यांनी शब्द पाळला होता. दोन जोड्या पावलं मात्र शांतपणे दूर जात होती. पुढच्या दाराकडे.

“थांबा रे!” ती ओरडली.

पुढचं दार, जे तिला तासभर उघडलं नव्हतं, ते अलगद उघडलं. बाहेरून पाववाल्याचा मोकळा आवाज आला, “काय रे, एवढ्या उन्हात कुठं निघालात दोघं?”

“खेळायला,” दोघं एकदमच म्हणाली.

ती मागं सरायला वळली आणि तिचा हात चपलेवर पडला. लहानशी चप्पल, पट्टा तुटत आलेला. ती उचलायला गेली, पण चप्पल उचलेना. तिच्यात पाऊल होतं. ऊबदार, घामेजलेलं, थरथरणारं.

काळोखात कुणीतरी हुंदका दाबला. मग आणखी कुणीतरी, जरा मोठं, तिच्या कानाशी आलं. रडून रडून घसा बसलेला होता.

“काकू... हळू बोल,” थोरला म्हणाला. “ते दोघं गेले का?”