न उघडलेली मूठ

सासू समोर बसली असताना मोबाईल खाली ठेवायची रीत आमच्या हेमांगीला तिच्या आईने शिकवलेली नाही. चिकू निवडते, पण डोळा त्यातच. वर गालातल्या गालात हसते.

"कोणाशी हसतेस गो?"

"एकी-बेकी खेळते, आई. समोर कोण हाय ते नाय समजत."

म्हणे क्रिप्टोवरचा खेळ. मधे शेठ नाही, पंच नाही. एकाने मुठीत किती ते ठरवायचं, दुसऱ्याने एकी की बेकी ते. दोघांच्या डावाला आधी कुलूप. ती कुलपं जगभरच्या मशीनी सांभाळतात, म्हणून मागाहून लबाडी नाही. मग उघडायचं. वेळेत उघडलं नाही, तो हरला.

मला शिकवते! उभा जन्म मी ह्यांच्याशी चिंचोक्यांवर हेच खेळले. ह्यांची मूठ डावी. मिटण्याआधी तंबाखू मळल्यासारखा अंगठा दोनदा फिरवायचे. शेवटच्या दुपारीही खाटेवरून मूठ पुढे केली. मी "बेकी" म्हटलं, आणि हे गेले. मूठ उघडेना. धीरजने, माझ्या मुलाने, बोटं ओढून पाहिली. तशीच सरणावर गेली.

"हा समोरचा भोळा हाय," हेमांगी म्हणाली. "मला जिंकूच देतो."

मी वाकून पाहिलं. पडद्यावर मूठ काढलेली होती. डावी.

"सगळ्यांची डावीच असते?"

"नाय ओ. ह्याचीच."

अंगठा दोनदा फिरला. मूठ मिटली. आणि तिच्यासाठी लगेच उघडली.

मला कधी एक डाव सोडला नाही, आणि कालच्या पोरीला हे लाड!

"आण इकडे."

मी बेकी दाबली.

मूठ मिटली. आम्ही बघत राहिलो. कंपनीचा भोंगा झाला. वारा तारापूरच्या कारखान्यांकडून येत होता, रोजचा औषधाचा उग्र वास घेऊन. त्यातच चुना लावलेल्या तंबाखूचा वास आला. घरात आता कोणी खात नाही.

मूठ उघडली नाही.

वेळ संपली.

"आई, तुमी जिंकलात! त्याने उघडलंच नाय."

मी डावी मूठ पोटाशी धरली.

"आई, हात असा का धरलाय?"

ती माझ्या डाव्या हाताची बोटं ओढू लागली. हलेनात. तळव्यात काहीतरी गुळगुळीत, गरम रुतत होतं.

"सोडा ना. काय हाय आत?"

"ओढू नको," मी म्हटलं. "हा डाव माझ्याशी लावलेला हाय. उघडतील तर तेच उघडतील. तू आता परत त्यांच्याशी खेळायचं नाय."