निम्मे वतन

वैशाखातल्या त्या पहाटे वज्रकड्यावर नौबत झडली नाही, कारण नगाऱ्याचे कातडे चार दिवसांपूर्वीच शिजवून खाल्ले गेले होते. तांबडे फुटले तसा आधी कड्याचा माथा उजळला, मग माची, मग कड्याला पाठ लावून बसलेली तटबंद पेठ, आणि सर्वांत शेवटी पेठेला तिन्ही अंगांनी आवळून बसलेले उत्तरेच्या फौजेचे डेरे. बुरुजावर उभा असलेला वजीर मलिक रेहान ते सारे निमूटपणे पाहत होता. आजचा दिवस आपल्या हातचा नाही, हे त्याला कालच कळून चुकले होते.

चाळीस वर्षांपूर्वी हबशी मुलखातून आलेल्या गलबतातून त्याला चौलच्या बंदरात विकायला उतरवले, तेव्हा इथल्या भाषेतला एकही शब्द त्याला येत नव्हता. गुलामाचा शिलेदार झाला, शिलेदाराचा किल्लेदार, किल्लेदाराचा वजीर. आणि दोन महिन्यांपूर्वी ऐन वेढ्यात सुलतानाने मागे वारस न ठेवता डोळे मिटले, तेव्हा रिकाम्या गादीसमोर सारा कारभार त्या एकट्याच्या शिरावर येऊन पडला. मराठी तो अशी बोले, की आडून ऐकणाऱ्याला हा इथलाच वाटे. समोरून पाहणाऱ्याला मात्र वाटत नसे, आणि या मुलखात पाहणारेच फार.

एक गोष्ट त्याने जन्मात केली नाही. सुलतानाने तीनदा वतन देऊ केले आणि तीनदा त्याने हात जोडले. "हुजूर, एक दिवस दर्या ओलांडून आईच्या दारी जायचे आहे. इथल्या जमिनीत पाय रुतला तर उचलवणार नाही." आई केव्हाच गेली असणार, हे त्यालाही ठाऊक होते. तरी तो हट्ट त्याने सोडला नाही, आणि आज नेमका तोच नडणार होता.

शत्रूचा सरदार दिलावरबेग याचा अभयाचा कौल काल आला होता. खाली केशरी पंजाचा ठसा, वर दोन ओळी : हबशी वजीर हवाली करा आणि दरवाजे उघडा; पेठेतल्या कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही. कोठारात दोन दिवसांचे धान्य उरले होते. निवाडा करायला भैरोबाच्या मंडपात गोतसभा बसली.

गोतसभेची रीत जुनी. जो वतनदार तोच बोलणार, आणि निवाड्याच्या महजरावर, म्हणजे लेखावर, तोच आपली निशाणी काढणार : कुणब्याने नांगर, सुताराने वाकस, कुंभाराने चाक. ज्याला वतन नाही त्याला तोंड नाही, मग तो कुणी का असेना. देशपांडे महजर लिहून बोरू खाली ठेवीत होते, तोच मलिक रेहान मंडपाच्या पायरीशी येऊन उभा राहिला.

"आम्हांस दोन शब्द बोलायचे आहेत."

रायाजीराव देशमुख उठून उभे राहिले. दरवाजांवरची शिबंदी त्यांचीच होती. माणूस दुष्ट असता तर बरे झाले असते. पण उपाशी नातीला पाणी पाजून निजवून आलेला तो एक थकलेला म्हातारा होता.

"मलिकसाहेब, आपल्या शिक्क्याने आमची वतने चालली. आपला शब्द आम्ही कधी खाली पडू दिला नाही. पण गोतात बोलायचे तर वतन लागते. हा निवाडा आपणच चार वेळा दिला आहे. आपले वतन कोणते?"

मंडपातल्या माना खाली गेल्या. ज्यांच्या बांधाबांधांचे तंटे रेहानने वीस वर्षे सोडवले, त्यांच्यात बसायला त्याला चटईभर जागा नव्हती. लाज वाटावी की हसावे, हे त्याला कळेना.

"त्येंचं वतन म्यां देते," खांबाआडून आवाज आला.

ती गुणाबाई कुंभारीण. वजिराने डोंगरातून पेठेत पाणी आणले, तेव्हा भुयारातले मातीचे नळ तिच्या नवऱ्याने घडवले होते, आणि ते बसवताना दरड कोसळून तो आतच गेला. मूलबाळ नव्हते. तेव्हापासून दर भाऊबीजेला ती वजिराला ओवाळायची.

"बाई, हे आत्ताच कशाला?" देशमुख म्हणाले.

"मग कवा? उद्या का? कुंभारकी माझ्या नावची हाय. त्यातली निम्मी भावाला दिली. देशपांडेकाका, ल्ह्या."

तिने ओच्यातून चिखलाचा गोळा काढला, सर्वांदेखत रेहानच्या तळहातावर ठेवला आणि वरून पाणी सोडले. रीतीत कुठे खोट नव्हती. देशपांड्यांनी देशमुखांकडे पाहिले, देशमुखांनी भैरोबाकडे, आणि बोरू चालू लागला.

रेहान पायरी चढून आत आला. हातातली माती ओली होती. चाळीस वर्षांत प्रथमच त्याच्या मुठीत या मुलखातले काही त्याचे स्वतःचे होते, आणि तेवढ्याने त्याचे डोळे भरून आले. मग त्याने बोरू उचलला आणि बोलण्याआधीच महजरावर पहिली निशाणी काढली. चिखलाने बोटे बरबटलेली, म्हणून चाक वाकडे आले.

"हे काय केलेत?" देशमुख महजरावर वाकले.

"मला हवाली करावे, असा या गोताचा निवाडा होणार. त्यात माझेही मत पडले. आता तरी हा जीव वाचवायला बोलतो, असे कुणी म्हणू नये. ऐका. हा कौल खोटा आहे. याच पंजावर विसंबून सोनखांबकरांनी दरवाजे उघडले. तिथे आज दिवा लावायला माणूस नाही. गनिमाने डोंगरातले पाणी तोडले, म्हणून भुयार कोरडे पडले आहे. आत हवेसाठी ठेवलेले तिसरे तोंड केवड्याच्या ओढ्यात, छावणीच्या पलीकडे उघडते. दुपारी मी वेशीबाहेर पडेन. हबशी वजीर पाहायला सारी फौज वेशीशी लोटेल. तेवढ्यात बायकापोरे त्या वाटेने काढा."

भुकेल्या माणसाला उद्याची भाकरी दाखवणारा कागद खोटा मानणे फार जड जाते.

"मलिकसाहेब," देशमुख हळूच म्हणाले, "भुयारात माणसे सापडली तर कौल मोडला तो आम्हीच, असे होईल. आम्ही कौलावर राहू."

एकामागून एक निशाण्या पडल्या. नांगर, वाकस, देशमुखांची कट्यार. सर्वांच्या वर ते वाकडे चाक.

गुणाबाई जवळ आली. "भाऊ, आमची आळी निघतीया. तुमी मातुर..."

"मी सावकाश चालेन," तो म्हणाला. "जितके चालवेल तितके सावकाश."

आणि तो तसाच चालला. वेशीपासून दिलावरबेगाच्या डेऱ्यापर्यंत तीनशे पावले. पण दर दहा पावलांवर तो थांबे, पागोटे सारखे करी, मागे वळून कड्याकडे पाही. शत्रूचे हशम हसू लागले. हबशी भ्याला, म्हणाले. त्याला ते ऐकू येत होते. तो मनात कुंभार आळीची घरे मोजत होता, आणि प्रत्येक घरासाठी एकदा थांबत होता. शेवटचे घर मोजून झाले, तेव्हा कुठे त्याने उरलेली वाट माणसासारखी चालून संपवली.

त्याचे मस्तक दिवस मावळण्यापूर्वी भाल्यावर चढले. पेठेचा दरवाजा दुसऱ्या सकाळी उघडला, आणि कौल दुपारपर्यंतही टिकला नाही. देशमुख मंडपाच्या पायरीवर पडले; त्यांची नात कुणाला सापडली नाही. वज्रकड्याच्या अडीच हजार वस्तीतून वाचली ती कुंभार आळीची त्रेसष्ट माणसे.

नऊ दिवसांची पायपीट करून ती एका परक्या गावाच्या वेशीत येऊन बसली. तिथला पाटील बाहेर आला.

"वतन कुठलं तुमचं?"

"वज्रकड्याची कुंभारकी," गुणाबाई म्हणाली. "निम्मी माझी, निम्मी भावाची."

"वज्रकडा तर जळाला म्हणतात. भाऊ कुठं हाय?"

"त्यो म्होरल्या दारानं गेला," ती म्हणाली.

पाटलाने तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिले आणि गावाबाहेरची खडकाळ जागा बोटाने दाखवली. परमुलखातून आलेल्यांना तिथेच राहावे लागे.