शंभरात चाळीस

"शेणव्याची सात नंबर? शंभर शॉट मारते, चाळीस पडतात. बस."

मुरबाडहून शहापूरला निघालेल्या जीपमध्ये, माझ्या समोरच्या बाकावरचा मुलगा शेजारच्या काकांना सांगत होता. मांडीवर जाडजूड वही. शेणव्याची सात नंबर म्हणजे मी. धुळीमुळे मी तोंडाला ओढणी गुंडाळली होती, त्याला फक्त डोळे दिसत होते... आणि ते चांगलेच तापले होते.

"आणि मुरबाडची सोनाली?" काकांनी विचारलं.

"बावन्न. पाच वर्षांच्या मॅची लिवल्यात मी. जिल्ह्याच्या बास्केटबॉल संघात एकच जागा हाय. आज शहापूरला निवड समितीला हा कागद दिला, की विषय संपला."

"कसा संपला?" मी म्हणाले.

तो हसला. "तुमी बास्केटबॉल बघता?"

हसणं चांगलं होतं त्याचं. मला त्याचाही राग आला.

"बघते. सोनाली रिंगखाली उभी राहून टाकते. सात नंबर कुठनं मारते, ते हाय का वहीत?"

"हाय ना. परत्येक शॉटची खूण हाय. कुठनं मारला, पडला का नाय."

"मग जवळचे वेगळे, लांबचे वेगळे, अशी बेरीज केली?"

त्याने वहीची दोन पानं उलटली. "...नाय केली. समिती एकच टक्केवारी मागते."

शेणवा आलं. मी उतरले, ओढणी सोडली. "उतरा खाली. बेरीज करा."

त्याने वही छातीशी धरली. "तुमी... गोजर?"

"नम्रता गोजर. पाच वर्षं माझ्या खुणा केल्या, तोंड कधी बघितलं नाय?"

"टेबलावर गुण लिवताना मान खाली असते..." असं काहीतरी पुटपुटत तो उतरला. जीप निघून गेली.

चहाच्या टपरीच्या बाकावर आम्ही बसलो. नाव बुद्धभूषण, असं त्यानेच सांगितलं. मी विचारलं नव्हतं. तो खुणा मोजत होता, मी लिहीत होते. एप्रिलचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. त्याचं कोपर माझ्या कोपराला लागलं. मी सरकले नाही — रागात होते म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

तासाभराने आकडे समोर आले. रिंगजवळून शंभरात माझे साठ, सोनालीचे चोपन्न. लांबून माझे बत्तीस, तिचे पंचवीस. पण तिचे जवळजवळ सगळे शॉट जवळचे. माझे बहुतेक लांबचे, कारण वेळ संपत आली की सगळ्या जणी बॉल माझ्याकडे फेकायच्या.

"दोन्हीकडं तुमी पुढं," तो हळूच म्हणाला, "आणि एकत्र केलं की मागं. चुकलंच माझं."

"चुकलं नाय. आळस केलात."

त्याचे कान लाल झाले. त्याने नवा कागद लिहिला, दोनदा तपासला आणि पुढच्या जीपने गेला.

संध्याकाळी पाचला तो आमच्या अंगणात उभा होता. तोंड बघूनच कळलं.

"सोनालीला घेतलं. समितीच्या साहेबांनी दुसरा कागद वाचलाच नाय. बोलले, टक्केवारी एकच सांग. मी भांडलो... पुढच्या स्पर्धेला टेबलावर येऊ नको बोलले."

मग मी जी सुटले! साहेबाला बोलले, त्याच्या वहीला बोलले, जीपमधल्या त्या हसण्यालाही बोलले. ओसरीवर तांदूळ निवडणाऱ्या आईचे हात थांबले. तो डोळ्यांवर ऊन घेत उभा. 

"कोणाकडून निरोप धाडायचा होतास," मी शेवटी दम खात म्हणाले. "इथवर कशाला आलास?"

'तुमी'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही एकदमच कळलं.

"तू ओरडणार ते माहीत होतं," तो म्हणाला. "ते दुसऱ्या कोणी ऐकलेलं... मला आवडलं नसतं."

आईने सूप उचललं आणि परसात निघून गेली.

राग गेला नव्हता. त्या साहेबाचं नाव निघालं की आजही डोकं भडकतं. पण मी उंबऱ्यातून बाजूला झाले.

"आत ये," म्हणाले.