एक बोट, दोन बोटं, मूठ

जुनी गाडी बघायला जाताना मालकाला आधीच सांगून ठेवावं, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गरम इंजिन आपले दोष झाकतं. थंड इंजिन पहिल्या मिनिटात सगळं ओकून टाकतं. मी छत्तीस वर्षं गॅरेज चालवलं आणि प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर आधी तळहात ठेवला.

हे काम दोघांचं. मी बॉनेटखाली वाकायचो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला. बायको ड्रायव्हरच्या सीटवर बसायची. त्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून आम्ही खुणा ठरवल्या होत्या. उघड्या बॉनेटखालच्या फटीतून तिला माझा हात दिसायचा. एक बोट म्हणजे थोडी रेस, दोन म्हणजे जास्त, मूठ म्हणजे सोड. ती चप्पल बाहेर काढून बसायची. पाय एवढासा, शाळकरी मुलीसारखा. बोट दिसलं की आधी दोनदा हलकेच दाबायची, दार वाजवावं तसं, मग रेस द्यायची. "इंजिनाला विचारून घेते," म्हणायची. या खुणा आम्ही तिसऱ्या कुणाला शिकवल्या नाहीत. तिला जाऊन नऊ महिने झाले.

परवा मुलीसाठी गाडी बघायला गेलो. तिचं ऑफिस लांब, बाळाचं पाळणाघर दुसऱ्या टोकाला.

"बाबा, तुम्ही हो म्हणालात तर घेते," ती म्हणाली. "मागच्या सीटवर तुमचा नातू बसणार आहे, एवढं लक्षात ठेवा."

गाडी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. सकाळचे दहा वाजले होते. शेडमध्ये गारवा होता, जमीन ओलसर. मी बॉनेटवर हात ठेवला.

गरम होतं.

"चालू केली होती ना?" मी मालकाला विचारलं.

"नाही हो काका. आणि करू कशी? बॅटरी तर आत चार्जिंगला आहे." त्याने बॉनेट उघडून दाखवलं. बॅटरीची जागा रिकामी होती. तिथे कोळ्याने जाळं विणलं होतं. "दीड महिना उभीच आहे. आमची ही बसायला तयार नाही."

"का?"

"बायकांचं काय असतं, काका," तो हसला, पण माझ्याकडे न बघता.

ऊन कुठून तरी येत असेल, असं मी म्हटलं. शेडला खिडकी नव्हती.

बॅटरी आणून जोडली. तेलाची पट्टी काढली, तेल स्वच्छ. झाकणाखाली फेस नाही, म्हणजे तेलात पाणी शिरलेलं नाही. मी बॉडीवर टकटक करून बघत होतो, तेव्हा मालक म्हणाला, "काका, गाडी आहे, कलिंगड नाही."

मुलगी हसली आणि सीटवर बसली. एका चावीत इंजिन लागलं. धूर नाही, खडखड नाही. मालक फोन आला म्हणून घरात गेला. मी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला आणि सवयीने फटीपाशी एक बोट वर केलं.

तिला खुणा माहीत नाहीत, हे मला बोट वर केल्यावर आठवलं.

इंजिनाने दोनदा हलकेच हुंकार दिला. मग रेस वाढली.

मला वाटलं, लहानपणी आईला बघून शिकली असेल. डोळे भरून आले. दोन बोटं दाखवली. रेस आणखी वाढली, अगदी बेताने, तिच्यासारखीच. मला तो आवाज थांबायला नको होता. पोरीला सांगून टाकावं, घे ही गाडी, असं मनात आलं.

मग मी मूठ दाखवली.

रेस वाढली.

पुन्हा मूठ दाखवली. इंजिन किंचाळायला लागलं. वरचे पत्रे थरथरले.

मी धावत दाराशी गेलो. मुलगी दोन्ही हातांनी आपला उजवा गुडघा वर ओढत होती. तोंड उघडं होतं, पण आवाज फुटत नव्हता.

मी हात आत घालून चावी फिरवली. इंजिन लगेच थांबलं नाही.

तिला मी अंगणात आणून बसवलं.

"बाबा, मी दाबलंच नाही. पाय पेडलवर नुसता ठेवला होता. त्याच्यावर कुणीतरी पाय ठेवला."

मी विचारलं, "अनवाणी?"

तिला माझा प्रश्न कळला. "हो. पण आईचा नव्हता, बाबा. आईचा पाय माझ्याहून लहान होता. हा माझ्या पायाला झाकून पुढे उरत होता."

मालक बाहेर आला. मी म्हटलं, "नको आम्हाला. बॅटरी तेवढी काढून ठेवा."

"इंजिनात खोट काय ते तरी सांगा!"

मी मुलीला हात देऊन उठवलं. तो पुटपुटत शेडमध्ये गेला. आम्ही फाटकापर्यंत पोचलो तेव्हा मागून त्याची हाक आली. मी वळलो. तो गाडीसमोर, आमच्याकडे तोंड करून उभा होता. बॉनेट बंद केलेलं. बॅटरी काखेत.

"काका, एकच मिनिट!" म्हणत त्याने एक बोट वर केलं.

त्याच्या पाठीमागे इंजिनाने दोनदा हलकेच हुंकार दिला.

त्याचं बोट तसंच वर राहिलं.