रविवारचं म्युझियम

परतीची बस चुकली म्हणून रत्नमाला फुलंब्रीतल्या त्या शेती-अवजारांच्या म्युझियममध्ये शिरली. धान्य साठवायच्या छातीएवढ्या उंच कणगीत तिनं डोकावलं, आणि आतून चक्क एक माणूस उभा राहिला!

"आई गं!" ती किंचाळलीच.

"घाबरू नका, मी प्रदर्शनातला नाय." केसांतला भुसा झाडत तो हसला. "मी प्रणय. इथलं मीच बघतो."

"उघडंय ना?"

त्यानं दारातल्या टेम्पोकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "व्हय... उघडंच आहे की."

शहरात नर्स असलेली रत्नमाला मग दर रविवारी येऊ लागली. तेल लावलेल्या जुन्या लाकडाचा वास तिला आवडायचा — आणि त्याचं बोलणंही.

"पेरणी एकट्याचं काम नाय," तिफण दाखवत तो म्हणाला. "बैल हाकणारा एक, बी सोडणारी दुसरी."

"दुसरी मिळालीच नाही तर?"

"तर... वाट बघायची." तिचे कान तापले.

मार्चमधल्या एका बुधवारी तिला सुट्टी मिळाली. न सांगता आली, तर दाराला कुलूप! समोरच्या हॉटेलातल्या मुक्ताबाईंना तिनं विचारलं.

"म्युझियम? ते दिवाळीलाच बंद झालं, बाई. जानेवारीत मालकाचा टेम्पो सामान न्यायला आला, तोबी ह्या प्रणयनं रिकामाच धाडला. आता पोरगं सोयगावला बियाण्याच्या दुकानात कामाला असतं, पण रविवारी तिथून येतं, झाडून काढतं. शहरातली कुणी पोरगी येती म्हणं — तेवढ्यासाठी!"

हॉटेलच्या बाकड्यावर बसून रत्नमालानं प्रणयला फोन लावला.

"कुठं आहात?"

"म्युझियममध्ये," प्रणय म्हणाला.

"मी म्युझियमसमोरच आहे. कुलूप आहे."

"आज तर बुधवार..." तो पुटपुटला.

"एवढ्या लांबून... दर रविवारी? खोटं का बोललास?" ती कधी 'तू'वर आली, तिलाच कळलं नाही.

"बंद झालंय म्हणलो असतो, तर पुन्हा आल्या असत्या का? मला... तुम्ही लई आवडता."

तिला धक्का, राग आणि हसू एकदमच दाटून आलं.

"ज्याचं सामान त्याला देऊन टाक, प्रणय."

"म्हणजे... येणं बंद?"

"म्हणजे मला भेटायला म्युझियम कशाला लागतं तुला?"

पलीकडं काहीतरी धाडकन पडलं. कुणीतरी ओरडलं, "प्रणयभाऊ, बियाण्याचं पोतं फुटलं की!"

"फुटू दे," प्रणय म्हणाला. "तुम्ही तिथंच थांबा... मी निघालो."