ठिसूळबिंदू

नरकचतुर्दशीच्या पहाटे हिमवाडीतली माणसं अंगाला तेल चोपडून बादल्यांपाशी उभी होती आणि नळाला पाणी येत नव्हतं. चंद्राच्या ध्रुवाजवळ, बर्फाखाली वसलेल्या या वस्तीत मनसोक्त कढत पाणी वर्षातून एकदाच मिळे, अभ्यंगस्नानाला. आरडाओरडा झाला तो साहजिकच होता.

पाणी अडवलं होतं कुमुद ढमढेरेने, अणुभट्टीच्या धातुतज्ज्ञ बाईने. भट्टीची एक नळी फुटली होती. भट्टी बंद केली, तरी आतलं इंधन धगधगत होतं आणि त्यावर ताबडतोब पाणी सोडणं भाग होतं.

"मग राखीव टाकीतलं सोड की!" वस्तीप्रमुख मोहितेकाका खेकसले. कपाळावरून तेल ओघळत होतं. "त्याचसाठी ठेवलंय ते."

"ते बर्फाचं पाणी आहे, काका. इंधन ज्यात आहे ते भट्टीचं भांडं तडकेल."

"वीतभर जाडीचं पोलाद! ते भांडं आहे की काचेचा पेला?"

"आता पेलाच समजा." कुमुदने खिशातून पोलादाचे दोन तुकडे काढले. भांड्याच्याच पोलादाच्या काही पट्ट्या भट्टीत ठेवलेल्या असत. त्यांना साक्षीदार म्हणत. कालच तिने एका पट्टीवर यंत्राचा घण घातला, तर ती न वाकता बिस्किटासारखी मोडली. "इतकी वर्षं न्यूट्रॉन या अणूंना धक्के मारतायत. अणू जागचे हलले की पोलादाला वाकता येत नाही. ठरावीक तापमानाखाली गेलं की ते सरळ तुटतं. तो त्याचा ठिसूळबिंदू. नवं होतं तेव्हा शून्याखाली होता, आज पन्नास अंशांवर आहे. म्हणून कढतच पाणी हवं."

आंघोळीचं पाणी जिच्यातून येई, त्या कढत टाकीची भट्टीकडची किल्ली काकांच्या कमरेला होती. त्याच टाकीवर बाळंतघर ऊबदार राही, आणि तिथे त्यांची आठ दिवसांची नात होती.

"आणि भांडं तडकलं तर?"

"मग कुणीच उरणार नाही."

नशिबाला शिव्या हासडत काकांनी किल्ली फिरवली. तेलकट माणसं बाळंतघरात शिरली आणि बाळांना मधे घेऊन अंगाला अंग भिडवून बसली. भट्टी निवली आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला तो थेट दुपारी. नातीने टाहो फोडला, तेव्हा काकाही रडले.

"सुटलो!" ते म्हणाले. "नळी बदलून भट्टी पेटवू. यापुढे राखीव टाकी कायम कढत ठेवायची, एवढंच ना?"

"भट्टी चालेल तसा ठिसूळबिंदू चढत जाणार, काका. दर दिवाळीला टाकी आणखी कढत लागेल."

"मग तेवढी ऊब आणायची कुठून?"

बाळंतघराला ऊब देणाऱ्या, पाळण्याखालून गेलेल्या नळीकडे कुमुद पाहत होती. काकांनीही तिकडे पाहिलं आणि नातीला उचलून छातीशी घट्ट धरलं.