खराट्याचा ओरखडा नसलेला ढीग

"काका, काडी ओढायच्या आधी एक विचारू?" विहारामागच्या पाचोळ्याच्या ढिगापासून दहा पावलं लांब उभी राहून दारिका म्हणाली.

विहाराचं अंगण झाडणारे प्रासितकाका थांबले. झाडण्याच्या पुण्याचा त्यांना भारी अभिमान. "विचार, पण लवकर. बुद्धमूर्तीवर नव्या वर्षाचं पाणी घालायला गाव येईल आता."

दारिका आणि तिचा मामेभाऊ वुत सुट्टीत ओराथाईमावशीकडे आले होते. मावशी सापांची शास्त्रज्ञ. अठरा वर्षं ती या जंगलातल्या नागराजांमागे, म्हणजे किंग कोब्रांमागे, हिंडत होती. साप धरायचा, त्याच्या अंगात इवलंसं रेडिओयंत्र बसवायचं, सोडायचा आणि मग अँटेना घेऊन रोज त्याचा माग काढायचा. त्यातली तेवीस नंबरची मादी तिची फार लाडकी. पाच दिवस तिच्या यंत्राचा आवाज जागचा हललाच नव्हता. येत होता तो याच ढिगातून.

ढीग मी झाडून लावलाय, असं काकांनी छातीठोक सांगितलं, तेव्हा मावशीचा चेहरा उतरला. कुणीतरी तेवीस नंबरला मारून पाल्याखाली दडपलं असणार. ढीग उकरायची परवानगी मागायला ती मोठ्या भंतेंकडे गेली, आणि इकडे काका काडेपेटी घेऊन हजर.

"सगळीकडे तुमच्या खराट्याचे ओरखडे आहेत," दारिका म्हणाली. "ढिगाकडे एकही जात नाही. मग पाला आला कसा?"

"चालत आला असेल," वुत म्हणाला.

काकांनी काडेपेटी खिशात घातली. मग खाली मान घालून कबुली दिली. ढीग छोट्या भिक्षूंनी लावला असेल समजून त्यांनी पुण्य आपल्या नावावर घेतलं होतं. आणि छोट्या भिक्षूंना वाटत होतं, काकांनीच लावला!

मावशी फावडं घेऊन आली. दारिकाने ओरखडे दाखवले, तशी ती जागीच थबकली.

"मागे सरका. अगदी हळू."

माथ्यावरचा बांबूचा पाला हलला. एक डोकं वर आलं. जिवंत, आणि चांगलंच वैतागलेलं.

"अंडी घालायला पाला ओढून घरटं करते ती," मावशी कुजबुजली. "अठरा वर्षं मी असं एक घरटं डोंगरात शोधतेय. आणि आज हातात फावडं घेऊन आले."

भंतेंनी पावसापर्यंत मागची बाजू बंद केली. मावशीने नोंदवहीत लिहिलं, "घरटं पहिलं. शोधलं दारिकाने." वुत खाकरला, तेव्हा "आणि वुतने" जोडलं.

काकांनी खराटा ठेवून वाटेवर दोरी बांधली आणि ते पहाऱ्याला बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःहून सांगू लागले, "हा ढीग माझा नाही हं. तिचा आहे."